तेरा नंबरबद्दलचं भाकीत

५ ऑगस्ट

आर्लीननं औषधाच्या दुकानातून जाड काळं पेन आणून दिलं. हल्लीच्या बॉलपेनांत शाई घालतात की नुसतं पाणी, देव जाणे. गेल्या महिन्यात लिहिलेलं माझं मलाच वाचता येत नाही. हे पेन बरं आहे. पानावर आठ-दहा ओळीच मावतात, पण ठसठशीत.

वही घेतली ती एवढ्यासाठी, की यंदाचं भाकीत 'कुरियर' पेपरात छापून आलं की गावातले लोक माझी बिनपाण्यानं करणार, हे आत्ताच दिसतंय. गेल्या वर्षी मी लिहिलं होतं की ओस्ट्रँडर कॉलेजचा फुटबॉलचा संघ नवांपैकी चार सामने जिंकेल. जिंकला एक. तोसुद्धा डॅनफोर्थची निम्मी पोरं तापानं फणफणली होती म्हणून. तेव्हा छापलेल्या भाकितामागं मला खरोखर काय वाटत होतं, ते माझ्यापुरतं कुठंतरी असावं. शाळेत इतिहास शिकवत होतो तेव्हापासून दर ऑगस्टला हे भाकीत लिहितोय. चौऱ्याहत्तर साली आठ सांगितले, आठ झाले. तेव्हा कॅफेत महिनाभर मला कॉफीचे पैसे द्यावे लागले नव्हते. लोक ते विसरले. एकवाला आकडा बरा लक्षात राहतो.

आर्लीनला या वयात गाडी चालवायचा नाद लागलाय. किल्ल्या तिच्याच पर्समध्ये. सगळा संसार शेजारी बसून माझ्या ब्रेकवर टीका करण्यात गेला, आणि आता म्हणते, "मला मजा येते रे." येऊ दे.

१० ऑगस्ट

सरावाचा पहिला दिवस. सकाळीच इतकं तापलं होतं की कुंपणाच्या तारेला हात लावून उभं राहवेना. पलीकडं मका डोक्याच्या वर गेलाय.

कॉलेजात कुणा अतिशहाण्यानं नव्या जर्सी आणल्यात. गडद हिरव्यावर पिवळट आकडे, तेही किडकिडीत. आकडा म्हणजे दुरून ओळखू यावा म्हणून असतो, एवढं साधं त्यांना कळत नाही. शिवाय पूर्वेकडचा गोलपोस्ट मध्येच वाकलाय. मैदानाची निगा राखणारा रूबेन तिथंच पाणी मारत होता, त्याला दाखवला. तो गोलपोस्टकडं बघत राहिला, मग आर्लीनकडं, मग म्हणाला, "बघतो मी, मिस्टर हावरानेक." नुसतं बघून काय होणार? सरळ करायला हवा.

पण आजचा दिवस सत्कारणी लागला. क्वार्टरबॅकच्या, म्हणजे संघ चालवत बॉल फेकणाऱ्याच्या, जागेसाठी चार पोरं बॉल फेकत होती. तिघांचं फेकणं म्हणजे बटाट्याचं पोतं ट्रकात टाकावं तसं. चौथा मात्र! उंच, सडसडीत. पाय रोवला, उजव्या मनगटाला नुसता झटका, आणि बॉल सुतासारखा सरळ. तीन वेळा फेकला, तिन्ही वेळा धावत्या पोराच्या हातात अलगद, जणू ताटात वाढला. माझ्या अंगावर काटा आला.

तेरा नंबर. घरी येऊन यादी काढली, आर्लीननं वाचून दाखवली: लोरेन पेट्स्का, दुसऱ्या वर्षाला, गाव व्हर्डन क्रीक. गेल्या वर्षी एक मिनिटही खेळला नाही. कोच रॅडमाकरच्या डोळ्यांवर पट्टी बांधलीय का?

१२ ऑगस्ट

भाकीत तयार. मी सांगतो, आर्लीन टाइप करते; मशीनच्या रिबिनी आता पूर्वीसारख्या येत नाहीत, तिला त्या अंधुक अक्षरांची सवय आहे. मुख्य भाग असा: "या संघाकडं बचाव नाही, वजन नाही, आणि गेल्या वर्षानंतर धीरही नाही. पण तेरा नंबरचा लोरेन पेट्स्का आहे. त्याच्या उजव्या मनगटात जे आहे ते शिकवून येत नाही. ऑक्टोबर संपायच्या आत संघाची सूत्रं त्याच्या हाती असतील आणि ओस्ट्रँडर सहा सामने जिंकेल."

"सहा?" आर्लीन म्हणाली.

"सहा."

"आणि तेराच ना? उद्या परत एकदा जाऊन बघू या का? मी येते, जवळच्या बाकावर बसू."

"अगं, तीनदा बघितलं मी."

"बरं," ती म्हणाली. पण मशीन लगेच सुरू झालं नाही. माझं भाकीत टाइप करताना तिनं आजवर कधी प्रश्न विचारला नव्हता. गेल्या वर्षीच्या एका आकड्यानं घरातलीसुद्धा पत गेली म्हणायची.

१५ ऑगस्ट

छापून आलं. सकाळी कॅफेत शिरलो तर धान्याच्या कोठारावरचा व्हर्जिल स्टॉक दारातच उभा. मला टोमणे मारता यावेत म्हणूनच तो निवृत्त झालाय.

"या, या ज्योतिषीबुवा! सहा? कोंबड्यांशी खेळणार आहेत का पोरं?"

"नोव्हेंबरात बोलू, व्हर्जिल."

"आणि हा पेट्स्का कोण? माझा पुतण्या त्या संघात पाणी वाटतो, त्यालासुद्धा आठवेना."

"तेच तर! तुझ्या पुतण्याला दिसत नाही ते मला दिसतं."

दुपारी फोन आला. बर्नडेट पेट्स्का, पोराची आई. व्हर्डन क्रीकच्या शाळेत स्वयंपाक करते. म्हणाली, "मिस्टर हावरानेक, माझ्या लोरेनबद्दल इतकं चांगलं कुणी कधी लिहिलं नव्हतं. हात कुठला का असेना." मग रडायला लागली. भावनेच्या भरात माणूस काहीबाही बोलतं. मी म्हटलं, "बाई, मी दिसलं ते लिहिलं." तर ती आणखीच रडली.

१९ ऑगस्ट

कोच ड्वेन रॅडमाकर संध्याकाळी घरी आला. याआधी कधी आला नव्हता. आर्लीननं प्लमचं सारण भरलेले गोड पाव, कोलाचे, पुढं ठेवले. त्यानं टोपी मांडीवर घेतली आणि शाळेतल्या पोरासारखा बसला. तसा तो माझ्या वर्गात होताच, मागच्या बाकावर.

"मायलो, तुमचा लेख वाचला. एक विचारायचं होतं. तेरा नंबरमध्ये तुम्हाला नेमकं काय दिसलं?"

मी मोकळेपणानं सांगितलं. पायाचं रोवणं, खांदा न उघडता फेकणं, उजव्या मनगटाचा झटका.

"उजव्या," तो म्हणाला.

"उजव्याच."

त्यानं आर्लीनकडं आणखी कॉफी मागितली. कप भरलेलाच होता. आर्लीन म्हणाली, "ड्वेन, जरा अंगणातला पंप बघतोस? खडखडतोय." दोघं बाहेर गेले ते बऱ्याच वेळानं परत आले. पंप मला तरी चांगला वाटतो.

जाताना त्यानं माझा हात जरा जास्तच वेळ धरला. "पेट्स्काला मी या आठवड्यात संघातून कमी करणार होतो," तो म्हणाला. "आता राहू देतो."

माझ्या लिहिण्यानं कोचचं मत बदललं, असं प्रथमच घडलं. बाहेरून दाखवलं नाही, पण आत फार बरं वाटलं.

७ सप्टेंबर

पहिला सामना, हरलो. २७–६. तेरा नंबर सबंध वेळ बाकावर. सामना संपल्यावर व्हर्जिल मुद्दाम माझ्यापर्यंत आला. "तुझा तेरा नंबर बघितला का? काय सूर्यफुलाच्या बिया सोलतो रे! मनगट आहे खरं पोराचं."

१४ सप्टेंबर

जिंकलो! कॅलोवेला, त्यांच्या मैदानावर, २१–१४. आर्लीननंच गाडी नेली, दोन्ही वेळा.

कोचनं एका नव्याच पोराला उतरवलं, अठरा नंबर, क्रेग डिटमार्स. आयोवातलं कुठलंसं कॉलेज सोडून यंदा इथं आलाय. मला कबूल करावं लागेल, पोरगा सुरेख फेकतो. गंमत म्हणजे त्याच्या मनगटाचा झटका तंतोतंत माझ्या तेरा नंबरसारखा. एकाच कोचच्या हाताखाली शिकले की असं होतं. तरी नक्कल ती नक्कल. मूळ बाकावर बसलंय आणि लोक नकलेला टाळ्या वाजवतायत.

१६ सप्टेंबर

'कुरियर'ची संपादक पॅट्सी कोल्टरमन विचारत होती की डिटमार्सवर चार ओळी लिहाल का. लिहिणार नाही, असं सांगितलं. "त्याचं नाव भाकितात नव्हतं," मी म्हटलं, "आणि मी वाऱ्याप्रमाणं टोपी फिरवत नाही."

"बरं, मायलो," ती म्हणाली. हल्ली सगळे मला 'बरं' म्हणतात.

२८ सप्टेंबर

शेवटी तेरा नंबर मैदानात आला. आणि कशासाठी? किक मारताना बॉल धरायला! पुढच्या पोरानं मागं फेकलेला बॉल झेलायचा, गुडघ्यावर बसून बोटाखाली उभा धरायचा, किक मारणाऱ्या छोट्या सोरेन्सननं लाथ मारली की उठून बाजूला व्हायचं. शर्यतीचा घोडा दुधाच्या गाडीला जुंपला. मी रागानं अर्ध्यातून घरी यायला निघालो. पायरी चुकली, कुणाच्या तरी थर्मासवर पाय पडला, थोडक्यात वाचलो. गर्दीत सामान पसरून बसायची लोकांना अक्कल नाही.

आर्लीननं कोपर धरलं ते गाडीपर्यंत सोडलं नाही.

६ ऑक्टोबर, रविवार

आज चर्चहून आलो तर पायरीवर लोरेन पेट्स्का बसलेला. आईनं लोणच्यातल्या बिटांच्या बरण्या पाठवल्या होत्या. आर्लीननं त्याला जेवायलाच बसवलं. मांस-राजम्याची चिली होती आणि दालचिनीचे रोल. पोरगा लाजाळू. 'मिस्टर हावरानेक, मिस्टर हावरानेक' करत होता.

तो माझ्या शेजारीच बसला होता. दोघांची कोपरं सारखी एकमेकांना लागत होती. तीनदा लागली, तेव्हा लक्षात आलं. मी उजव्या हातानं खात होतो. तो डाव्या.

"डावरा आहेस?" मी सहज विचारलं.

चमचा थांबला. आर्लीनचाही थांबला.

"हो."

"फेकतोस कुठल्या हातानं?"

"डाव्या."

भिंतीवरचं घड्याळ मला कधी एवढ्या मोठ्यानं ऐकू आलं नव्हतं. मी म्हटलं, "दहा ऑगस्टला, कुंपणाजवळ तीन बॉल कुणी फेकले?"

त्यानं थाळीत बघितलं. "क्रेगनं. अठरा नंबर. मी त्या दिवशी त्याला बॉल गोळा करून देत होतो."

"म्हणजे माझा लेख वाचलास तेव्हाच तुला कळलं."

"हो."

"मग बोलला का नाहीस, पोरा?"

तो म्हणाला, "मी बॅग भरली होती, मिस्टर हावरानेक. गुरुवारी कोचना सांगून घरी जाणार होतो. गुरुवारीच पेपर आला. मला माहीत होतं, ते माझ्याबद्दल नाही. पण नाव माझंच होतं ना, छापलेलं. आईनं फ्रिजवर लावलं. तिलाही कळलं होतं, उजवा हात वाचल्या वाचल्याच. तरी तिनं काढलं नाही. म्हटलं, एक आठवडा थांबू. मग कोच म्हणाले, तुझे हात मऊ आहेत, किकसाठी बॉल धरून बघ."

मी काय बोललो आठवत नाही. त्याला आणखी एक रोल वाढ, एवढं आर्लीनला म्हटल्याचं आठवतं.

७ ऑक्टोबर

लिहवत नाही.

९ ऑक्टोबर

दोन दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही. आज मीच विचारलं, "तुला माहीत होतं?"

"तेरा नंबरचं? शंका होती. ड्वेननं पंपाजवळ सांगितलं तेव्हा नक्की कळलं."

"तेरा नंबरचं नाही विचारत मी."

ती इस्त्री करत होती. इस्त्री उभी ठेवली. "मार्चपासून," ती म्हणाली. "कॉफी ओतताना तू कपात बोट घालून बघतोस, किती भरलाय ते. वसंतात तू जिनीला रस्त्यात ओळखलं नाहीस, सख्ख्या बहिणीला. तिनं हाक मारल्यावर ओळखलंस. गोलपोस्ट वाकलेला नाही, मायलो. कधीच नव्हता."

"मग सांगितलं का नाहीस?"

"किती वेळा सांगायचा प्रयत्न केला! दिव्यांना, शाईला, जर्सीला, सगळ्यांना शिव्या देऊन झाल्या तुझ्या. मला वाटलं, आता शिव्या खायला उरलीये मी एकटीच." हसायला गेली आणि रडली. "आणि खरं सांगू? तू भाकीत लिहायचं सोडशील याची भीती वाटली. तुझा तो ऑगस्ट गेला तर तुझं काय राहील, मला कळेना."

आजवर मला वाटत होतं की मी तिला हे फुटबॉलचं वेड सोसायला लावलं.

जर्सीचे आकडे किडकिडीत आहेत का, असंही विचारलं. म्हणाली, चांगले हातभर आहेत.

१५ ऑक्टोबर

ओमाहाला जाऊन आलो. डॉक्टरीणबाई तरुण, आवाज ठाम. चौकटी आखलेला कागद समोर धरला आणि विचारलं, रेघा कशा दिसतात. म्हटलं, पाण्यात काठी दिसते तशा. मधल्या ठिपक्याच्या जागी? म्हटलं, ठिपका कुठाय?

डोळ्यांचा मधला भाग जातोय. कडेचं राहील. म्हणजे मैदान दिसेल, बॉल दिसणार नाही. माणूस आलेला कळेल, कोण ते कळणार नाही. औषध नाही. बाई म्हणाल्या, पूर्ण अंधार होणार नाही, हे लक्षात ठेवा.

येताना आर्लीन विचारत होती, रेडिओ लावू का. नको म्हटलं. मक्याची कापणी चालू होती. धूळ दिसत होती, यंत्रं दिसत नव्हती. रस्ताभर मी एकच विचार करत होतो, आणि तो डोळ्यांचा नव्हता. क्रेग डिटमार्सचा होता. या पोरानं तीन सामने जिंकून दिले आणि मी त्याला नक्कल म्हणत बसलो होतो.

१७ ऑक्टोबर

पॅट्सीला सांगितलं, दुरुस्ती छापायची आहे.

"कशाला? कुणाच्या लक्षात आलंय? लोक हसतील, मायलो. आणि त्या पेट्स्काचं काय? पोराला उगाच उघडं पाडाल."

हे मात्र खरं होतं. म्हणून आधी सरावाला गेलो. आर्लीननं दोघांना कुंपणाशी बोलावलं. मी डिटमार्सला म्हटलं, "ऑगस्टात जे लिहिलं ते तुझ्याबद्दल होतं. तू तेरा नंबर वाटलास. माझे डोळे गेलेत."

तो म्हणाला, "मला वाटलं तुमचा माझ्यावर राग आहे. सगळ्यांबद्दल लिहिता, माझ्याबद्दल एक अक्षर नाही. मी नवीन म्हणून असेल, असं समजत होतो."

चेहरा नीट दिसला नाही, पण आवाजात जे होतं ते ऐकू आलं. मी माफी मागितली. त्यानं "ठीक आहे, सर" म्हटलं; ते पूर्ण ठीक नव्हतं, आणि का असावं?

मग लोरेनला विचारलं, "छापलं तर चालेल का? तू नको म्हणालास तर छापणार नाही."

त्याचं काढलेलं हेल्मेट या हातातून त्या हातात गेलं.

"छापा," तो म्हणाला. "पण मी बॉल धरतो, हेही छापा. ते खरं आहे."

२४ ऑक्टोबर

छापून आलं. "दहा ऑगस्टला मी जो खेळाडू पाहिला तो क्रेग डिटमार्स, अठरा नंबर. चूक माझ्या नजरेची होती आणि ती आता सुधारणारी नाही. लोरेन पेट्स्का, तेरा नंबर, डावरा, हा आपल्या संघासाठी किकचा बॉल धरतो. आजवर त्याच्या हातून एकही सुटलेला नाही. मी त्याच्याबद्दल लिहिलेलं त्याचं नव्हतं, हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं."

कॅफेत व्हर्जिल उठून खुर्ची पुढं करायला लागला. "बस मायलो. साखर देऊ? दरवाज्याचा उंबरा सांभाळ हं." इतका गोड. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी म्हटलं, "व्हर्जिल, एक टोमणा मार रे. उपकार होतील."

तो म्हणाला, "तसंही डोळे धड असताना तुझी कुठली भाकितं खरी ठरत होती?"

जिवात जीव आला.

२ नोव्हेंबर

हरलो. आता चार जिंकले, चार हरले, एक बाकी. सहा आता होणं शक्य नाही. माझं भाकीत रीतसर चुकलं.

आर्लीन शेजारी बसून सामना सांगायला लागलीय. पहिल्या दिवशी फार हाल झाले.

"तो जाड पोरगा पडला."

"कुठला जाड?"

"सगळेच जाड आहेत, मायलो."

"बॉल कुणाकडं आहे?"

"थांब. ढिगाऱ्याखाली आहे. आता सगळे उठले. आता कुणाकडंच नाही. अरे, पंचाकडं आहे!"

आमच्या मागच्या रांगेतले लोक सामना सोडून आमचंच ऐकत होते.

९ नोव्हेंबर

शेवटचा सामना, हेस्परियाशी, घरच्या मैदानावर. वारा असा, की बॅंडचे सूर अर्धे गावाबाहेर जात होते. एका घोंगडीत दोघं. आर्लीन तयारीनं आली होती. आदल्या दिवशी यादी पाठ करून सगळे आकडे तोंडावर. आता ती 'जाड' म्हणत नाही, 'बावन्न नंबर' म्हणते.

शेवटी शेवटी १६–१४, आम्ही मागं. डिटमार्सनं तीन सुरेख बॉल फेकत संघ पुढं आणला. आवाजावरून कळत होतं, लोक आधी श्वास धरत होते, मग सोडत होते. मग घड्याळावर काहीच उरेना. कोचनं किक मारायला पोरं पाठवली. किक खांबांमधून गेली तर तीन गुण आणि सामना.

"तेरा नंबर गुडघ्यावर बसला," आर्लीन म्हणाली. "सोरेन्सन मागं गेला. हात वर केला. आता बॉल..."

आणि ती थांबली. गर्दीतून असा आवाज आला की हजार माणसांच्या हातून एकदम काच निसटावी. मग लाथेचा आवाज, ठक्क. मग काहीच नाही.

"काय झालं? आर्लीन, सांग ना!"

ती माझी बाही घट्ट धरून बसली होती आणि तिला बोलवत नव्हतं. मग चहूबाजूंनी जे उसळलं त्यावरून मला कळलं. घंटा, भोंगे, बॅंड, व्हर्जिलचा घोगरा घसा. खालचा बाक थरथरत होता. लोक मैदानात धावत होते, ते मला कडेकडेनं दिसत होतं, वाऱ्यानं पाचोळा धावावा तसं.

आर्लीनचा आवाज परतायला वेळ लागला. "बॉल वाईट आला," ती म्हणाली. "खूप आधीच जमिनीवर आपटला आणि बाजूला उडाला. सोरेन्सन धावत सुटला होता. मला वाटलं संपलं. त्या पोरानं झोकून हात टाकला, डावा, अडवला, ओढून आणला, उभा केला. किक नीट बसावी म्हणून शिवण पुढं फिरवलीसुद्धा, मायलो! आणि बोट ठेवलं. सोरेन्सनला काही झाल्याचं कळलंच नसेल."

"आता कुठाय तो?"

ती शोधत राहिली. "सगळे सोरेन्सनला खांद्यावर घेतायत. डिटमार्सपण तिथं आहे. तेरा..." मग म्हणाली, "तो अजून गुडघ्यावरच आहे. जिथं होता तिथं. हात गवताला पुसतोय. थांब, डिटमार्स परत फिरला. त्याच्याकडं येतोय. हात देऊन उठवलं त्याला."

१० नोव्हेंबर

पाच जिंकले, चार हरले. कितीतरी वर्षांनी जिंकलेले जास्त. ड्वेनची नोकरी टिकेल म्हणतात. मी सहा सांगितले होते.

सकाळी रेडिओवर सोरेन्सनचं नाव तीनदा आलं, डिटमार्सचं दोनदा. बातमीत बॉल वाईट आल्याचा उल्लेख नव्हता. ज्यांनी पाहिलं त्यांनी किक पाहिली. डोळे असते तर मीही किकच पाहिली असती.

दुपारी मशीन टेबलावर आणलं. आर्लीननं कागद लावला, मी खिडकीशी उभा राहून सांगू लागलो. सामन्याचं, वाऱ्याचं, डिटमार्सच्या तीन बॉलांचं. मग म्हटलं, "आता लिही. शेवटच्या किकचा बॉल जमिनीवर आपटून आला होता. तो अडवून उभा केला तेरा नंबरनं, लोरेन पेट्स्कानं..."

मशीन थांबलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. तेराच ना? पक्कं?"

"तू पाहिलंस ना?"

"पाहिलं."

"डाव्या हातानं?"

"डाव्या हातानं."

"मग लिही," मी म्हटलं, आणि मशीन सुरू झालं.